गुरुजींचा गळा

"असेल कुठेतरी," बायको म्हणाली, आणि चिटणीस कपाट उपसायचे थांबले.

आता पायजमा हरवणे ही काही धसका घ्यावा अशी गोष्ट नव्हे. निळ्या पट्ट्यांचा, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला जुना पायजमा. गेला तर गेला. पण बायकोने "असेल कुठेतरी" म्हणावे ही गोष्ट साधी नव्हती. ह्या बाईला डोळे बांधून विचारले असते तरी काळ्या दोऱ्याची सुई कुठल्या डब्यात कुठल्या रिळाला टोचून ठेवली आहे ते तिने सांगितले असते. त्या घरात वस्तू "कुठेतरी" नसत. त्या जागच्या जागी असत, नाहीतर चिटणिसांनी हरवलेल्या असत.

"लाँड्रीतून आला होता ना परत?"

"आला होता."

"मग कुठेतरी म्हणजे कुठे?"

"घरातच. पायजम्याला दोन पाय असले म्हणून तो आपला आपण चालत जात नाही."

"म्हणजे कुणीतरी नेला."

"तुमचा पायजमा? नेऊन करणार काय त्याचं, झेंडा?"

आतल्या खोलीत आई खोकली. चिटणिसांनी कान टवकारले. आईचा खोकला ते जन्मापासून ऐकत आले होते आणि हा खोकला तिचा नव्हता. हा खोकला कुणाला तरी काहीतरी सांगत होता.

चिटणीस धंद्याने घड्याळजी. चौकाच्या वळणावर त्यांचे अरुंद दुकान होते, आणि उजव्या डोळ्यात भिंग अडकवून ते दिवसभर दुसऱ्यांची वेळ दुरुस्त करत बसत. पण घड्याळजी म्हणून त्यांना कुणी हाक मारत नसे. प्रार्थनाघराच्या समितीचे चिटणीसपद त्यांच्याकडे इतकी वर्षे होते की खुद्द आईसुद्धा "चिटणिसा, जेवायला ये" असे म्हणू लागली होती. गुरुजींच्या उजव्या बाजूची, हात असलेली खुर्ची त्यांची. दालनाची किल्ली त्यांच्या कमरेला. दर वर्षी वार्षिक सभेत कुणीतरी जांभई आवरत "चिटणीस म्हणून पुन्हा हेच" असे म्हणे, माना हलत, की झाली निवडणूक. इतरांचे पद गेले तर मागे निदान नाव उरते. ह्यांचे पद गेले असते तर मागे एक भिंगच उरले असते. आणि वार्षिक सभा ह्याच आठवड्याच्या शेवटी होती.

एरवी त्यांनी पायजमा सोडून दिला असता. पण तेव्हा ते एक कादंबरी वाचत होते, आणि इथेच सगळा घोटाळा झाला.

कादंबरीचे नाव 'अस्तरातली मुद्रा'. तिने जिकडेतिकडे धुरळा उडवला होता. कुठे म्हणे ती चौकात जाळली. पण जाळायला आधी विकत घ्यावी लागते, त्यामुळे प्रकाशक खूश होता. वाचनालयात तिच्यासाठी बायकांची रांग लागली होती. तेव्हा धर्मावरचे हे संकट ओळखून चिटणीस सरळ वाचनालयात गेले आणि पुस्तक कपाटातून काढून टाका म्हणाले.

ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "वाचलंत का?"

"वाचायचं कशाला? विष चाखून बघतात का?"

"बाटलीवरची चिठ्ठी तरी वाचतात." बाईंनी खणातून तपकिरी कागदाचे कव्हर घातलेली एक प्रत काढली. "कुठल्या पानावर काय आक्षेपार्ह आहे ते सांगा. नुसतं नाक मुरडून पुस्तक निघत नाही."

चिटणिसांनी दोष काढण्यासाठी ती दुकानात नेली. पहिले प्रकरण त्यांनी तिरस्काराने वाचले, दुसरे रागाने, आणि तिसऱ्या प्रकरणानंतर एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात मिनिटाचा काटा तासाच्या जागी बसवला.

गोष्ट अशी होती. धर्म म्हणजे एक झगा. वरून दिसणारी जर म्हणजे पुरुष, आणि अंगाला लागते ते अस्तर म्हणजे बायका. फार पूर्वी एका देवालयात बाईच मुख्य होती. पुरुषांनी तिला हाकलले. तिच्या लेकींनी सुई हातात घेतली, आणि तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या त्या धर्मगुरूंचे झगे शिवत आहेत. प्रत्येक झग्याच्या अस्तरात त्या एक गुप्त मुद्रा लपवतात: एक वर्तुळ आणि त्याच्याखाली तीन ठिपके. मुद्रा ज्याच्या अंगाला लागली तो गुरू त्यांचा. तोंड त्याचे, बोल बायकांचे. नायक दर प्रकरणाच्या शेवटी कड्यावरून लोंबकळत असे, आणि पुढच्या प्रकरणात त्याला शेजारीच जिना सापडत असे.

ह्या गुप्त मंडळाची लक्षणे लेखकाने ठळक अक्षरांत दिली होती. पुरुष खोलीत आला की बायका बोलायच्या थांबतात. आणि ज्याला पदावरून दूर करायचे, त्याचे एक वस्त्र आधी घरातून नाहीसे होते.

तर असा तो पायजमा.

त्या दिवशी चिटणिसांचे दुकानात लक्ष लागेना. दुपारी त्यांनी दुकानाला कुलूप लावले आणि न सांगता घरी आले. दार लोटलेले होते. चपला बाहेरच काढून, मांजरासारखे पाय टाकत ते आतल्या खोलीच्या दाराशी पोचले. खोलीत बायको होती, आई होती आणि तिसरा आवाज शिंपीणबाईंचा होता.

"आधी कट नीट ठरवा," शिंपीणबाई म्हणत होत्या. "कट ठरला की बाकी सोपं असतं."

चिटणिसांनी दाराला कान लावला.

"कट दोन्ही बाजूंनी असू दे," आई म्हणाली.

"आणि गुरुजींचा गळा?" बायकोने विचारले. "किती कापायचा?"

"बेतानंच. एकदा कापला की कापला, मग परत जोडता येत नाही."

"मागच्यांनी कमी कापला होता. तेव्हापासून बिचारे कुरकुरतात, श्वास कोंडतो म्हणून."

"मग ह्या खेपेला मीच कापते," शिंपीणबाई म्हणाल्या. "हात मात्र पूर्ण ठेवू. ह्या वयात अर्धे हात शोभत नाहीत."

"पोटाशी थोडं सोडा. पोट सुटलंय त्यांचं."

तुम्ही शहाणे आहात. बायका गुरुजींना नवा झगा शिवत होत्या हे तुम्ही केव्हाच ओळखले. गुरुजींचा जुना झगा कोपरांवर विरला होता, आणि विचारले असते तर त्यांनी नको म्हटले असते, म्हणून गुपचूप शिवून वार्षिक सभेत अंगावर घालायचा बेत होता. पण तुम्ही ती कादंबरी वाचलेली नाही. चिटणिसांनी वाचली होती.

"तुमच्या ह्यांना काही कळलं नाही ना?" शिंपीणबाईंचा आवाज खाली आला.

"छे. कळू द्यायचंच नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. सभेच्या दिवशी सगळ्यांबरोबरच कळेल."

"एक पायजमा पुरत नाहीये पण."

"दुसरा उद्या काढते."

चिटणिसांच्या हातून दाराची कडी वाजली. खोलीत एकदम चिडीचूप झाले. चिटणिसांनी दार ढकलले तेव्हा बायको खिडकीबाहेर बघत होती, शिंपीणबाई स्वतःची नखे बघत होत्या, आणि आई एरवी बसायची त्यापेक्षा वीतभर उंच बसलेली होती.

"काय रे, आज लवकर?" आई म्हणाली.

"आई, तू कशावर बसली आहेस?"

"माझ्या जागेवर. तू दुकान सोडून कुणाच्या जागेवर आलायस?"

"तुम्ही बोलायच्या थांबलात का?"

"तू बोलायला लागलास म्हणून," आई म्हणाली.

चिटणीस मागे फिरले, आणि तेवढ्यात उंबऱ्याशी पांढऱ्या कापडाची एक चिंधी त्यांच्या पायाला चिकटली. त्यांनी ती मुठीत दाबली. दुकानात जाऊन, दार आतून लावून, डोळ्याला भिंग लावून ती पाहिली. कापडावर न जाणाऱ्या काळ्या शाईत एक वर्तुळ होते. वर्तुळाखाली ठिपके होते. चिटणिसांनी ते पुन्हा पुन्हा मोजले. दर वेळी तीनच भरले.

घड्याळातला केसाएवढा कचरा ज्यांना लांबून दिसत असे, त्या चिटणिसांनी ती चिंधी एका रिकाम्या घड्याळाच्या डबीत घातली, डबी छातीच्या खिशात ठेवली आणि तडक गुरुजींकडे गेले.

गुरुजी अंगणातल्या बाकावर गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते.

"गुरुजी," चिटणीस इकडेतिकडे बघत म्हणाले, "गळा सांभाळा."

गुरुजींचे डोळे पाणावले. "किती माया तुमची. चार दिवस दुखतोय, पण कुणी म्हणून विचारलं नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत."

"तसं नव्हे. बायकांपासून सांभाळा. हल्ली कुणी तुमच्या फार जवळ आलं होतं का?"

गुरुजींनी विचार केला. "परवा त्या शिंपीणबाई माझ्या पाठीमागे उभ्या राहून खांद्यावर वीत टेकवत होत्या. वीत, मग चार बोटं. मी विचारलं, काय करताय, तर म्हणाल्या धूळ झटकतेय. वीत मोजून धूळ झटकणारी बाई मी तरी पहिल्यांदाच पाहिली."

"आणि मानेभोवती?"

"मानेभोवती बोट फिरवलं खरं. मी म्हटलं, मुंगी असेल."

चिटणिसांनी डोळे मिटले. "गुरुजी, सभेपर्यंत कुणी काही अंगावर घातलं तर घालून घेऊ नका."

"बरं," गुरुजी म्हणाले. ते सगळ्यांनाच बरं म्हणत. त्यामुळेच ते इतकी वर्षे टिकले होते.

तिथून चिटणीस समितीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य. उभ्या आयुष्यात त्यांनी भल्याभल्यांना तोंड उघडायला लावले होते. स्वतःचे मात्र ते क्वचित उघडत, आणि उघडले तर एकच वाक्य बाहेर पडे. चिटणिसांनी त्यांना दाराबाहेर, जिन्यात उभे करून सगळे सांगितले: पायजमा, कट, गळा, मुद्रा.

अध्यक्ष गंभीर झाले. "प्रकरण खोल आहे. मी घरी विचारून सांगतो."

"घरी विचारू नका."

"का?"

"घरातच तर सगळं आहे."

अध्यक्षांनी दाराच्या फटीतून आपल्याच घराकडे असे पाहिले की जणू आत कुणीतरी पहिल्यांदाच राहायला आले आहे. "पण मग," ते हळूच म्हणाले, "माझं मत काय आहे ते मला कळणार कसं?"

चिटणीस समजले की लढाई एकट्याने लढायची आहे.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोची परीक्षा घ्यायचे ठरवले. ती कणीक मळत होती. चिटणीस भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पाठ उघडी ठेवायची नाही असे नायक म्हणत असे.

"तू ती कादंबरी वाचलीस?"

"केव्हाच. पहिल्यांदा मीच आणली होती. तुमच्या उशाशी होती, तुम्ही तिच्यावर चष्मा ठेवायचात."

"मग? काय वाटलं?"

"बरी आहे. पण एवढ्या बायका हजारो वर्षं गुपितं सांभाळत हिंडतात, तर त्यांच्या घरी स्वयंपाक कोण करतं, ते त्यात कुठेच नाही. तिथं मला शंका आली की बाप्याच्या हातचं लिखाण आहे."

"म्हणजे बायकांची सत्ता वगैरे तुला खोटं वाटतं?"

बायकोने कणकेवर मूठ हाणली. "सत्ता असती तर तुम्ही तिथं उभे राहिला असता का? बाजूला सरका, पोळपाट तुमच्या मागं आहे."

ते सरकले. किती सफाईने तिने भिंतीपासून पाठ सोडवली, हे नंतर त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी दुसरा पायजमा नाहीसा झाला. चिटणिसांनी विचारलेसुद्धा नाही. उरलेला तिसरा त्यांनी विजारीच्या आत घालायला सुरुवात केली, आणि सभेपर्यंत ते थोडे जाडच दिसत होते.

सभेच्या दिवशी दालन भरले. पुरुष पुढे, बायका मागे. नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला माणसे दुप्पट होती. चिटणीस हात असलेल्या खुर्चीत टोकाशी बसले, खिशातल्या डबीवर हात ठेवून. प्रार्थना झाली. मग शिंपीणबाई उठल्या, कापडाने झाकलेले तबक घेऊन पुढे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या सगळ्यांकडून." कापड दूर झाले. आत गर्द तांबडा, काठाला बारीक नक्षी असलेला नवा झगा होता. दालनातून कौतुकाचा सुस्कारा गेला. गुरुजी बरं म्हणाले आणि हात वर करून उभे राहिले.

"थांबा," चिटणीस म्हणाले.

पण तोवर झगा गुरुजींच्या डोक्यावरून खाली उतरला होता.

चिटणीस उभे राहिले. शब्द पाठ होते. "बंधूंनो, मी आज पुस्तकावर बोलणार होतो. आता पुस्तकावर बोलायची गरज नाही, कारण ते पुस्तक इथं घडतंय. आपल्याला वाटतं, हे प्रार्थनाघर आपण चालवतो. मी विचारतो. सकाळी दालन उघडल्यावर झाडतं कोण?"

"किल्ली तुमच्याकडे आहे," कुणीतरी म्हणाले.

"किल्ली माझ्याकडे आहे, पण उघडायला माझी बायको येते. झाडते ती. दिवे उजळतात त्या शिंपीणबाई. मुलांना प्रार्थना कोण शिकवतं? बायका. कुणी आजारी पडलं तर त्याच्या घरी कोण जातं? बायका. गेल्या वर्षी छप्पर गळलं तेव्हा दारोदार फिरून मदत कुणी गोळा केली? भांडणारी दोन घरं कुणी एकत्र बसवली? गुरुजी, तुम्ही सांगा. तुम्ही दर आठवड्याला जे प्रवचन देता, ते आधी कुणाला वाचून दाखवता?"

"बहिणीला," गुरुजी प्रामाणिकपणे म्हणाले. "ती जिथं पेंगते तेवढा भाग मी गाळतो."

"ऐकलंत? म्हणजे आपण काय ऐकायचं तेही एक बाई ठरवते. तीही झोपेत. असं काय उरलंय जे ह्यांच्या हातात नाही?"

पुढच्या रांगांतले पुरुष मागे वळून बायकांकडे पाहू लागले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणाच्याच चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब मनातल्या मनात पहिल्यांदाच मांडून पाहावा तसे काहीतरी होते.

"पुरावा हवा?" चिटणिसांनी डबी उघडून चिंधी उंच धरली. "ही मुद्रा. हिची जोडीदार गुरुजींच्या अस्तरात आहे. हिच्याचसाठी माझं वस्त्र चोरलं गेलं. आता बघा."

असे म्हणून त्यांनी डोळ्याला भिंग लावले, खिशातला बारीक चिमटा काढला, गुरुजींपुढे गुडघे टेकले आणि झग्याच्या काठातला एक दोरा उपसला.

घड्याळात एक स्क्रू सैल केला तर एक स्क्रू सैल होतो. कपड्यात तसे नसते. गुरुजींचे माप अंगावर बघून मगच पक्की शिवण घालायची म्हणून शिंपीणबाईंनी अस्तर कच्च्या टाक्यावर ठेवले होते. चिटणिसांनी दोरा ओढला, तो हातभर आला, मग आणखी हातभर आला, आणि सरसर करत सगळे अस्तर गुरुजींच्या पायांशी उतरले. गर्द तांबड्या झग्याखालून निळ्या पट्ट्यांचे दोन पाय सभेसमोर लोंबू लागले.

चिटणीस गुडघ्यांवरच होते. ते पट्टे त्यांनी ओळखले होते, पण ओळख दाखवायचा धीर होत नव्हता.

"अरे चिटणिसा," आई मागून म्हणाली. तिचा आवाज म्हातारा असला तरी दालनाच्या टोकापर्यंत पोचत असे. "तो तुझा पायजमा, मऊ म्हणून अस्तराला घेतला. आणि हातात धरलायस ती मुद्राबिद्रा काही नाही. तो तुझ्या पायजम्याचा पांढरा नेफा आहे."

"नेफा?"

"नाडी असते त्यात. कापून टाकला आम्ही. गुरुजींना कशाला हवी नाडी?"

"मग ही खूण?"

कोपऱ्यातून लाँड्रीवाला संकोचाने उभा राहिला. "आमची आहे ती. कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून शाईनं करतो. गोल म्हणजे तुमची गल्ली."

"आणि हे तीन ठिपके?"

लाँड्रीवाला घुटमळला. "सगळ्यांदेखत सांगू?"

"सांग," चिटणीस म्हणाले, आणि ते त्यांनी म्हणायला नको होते.

"तीन ठिपके म्हणजे कटकट करणारं गिऱ्हाईक."

मग जे हसू फुटले त्याने छपराच्या कौलांवरची पाखरे उडाली. गुरुजी हसता हसता पट्टे सावरू लागले. आई हसली, आणि ह्या वेळचा खोकला अगदी तिचा होता. हसली नाही ती फक्त बायको. ती उठून पुढे आली, नवऱ्याला हाताला धरून उभे केले, त्यांच्या गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि त्यांना खुर्चीत बसवले.

हसू ओसरल्यावर अध्यक्ष उभे राहिले. "चिटणीस, एक विचारतो. ते झाडणं, शिकवणं, छपराची मदत, ते तुम्ही सांगितलंत ते खरं का?"

"कट सोडून?"

"कट सोडून."

"ते खरं आहे," चिटणीस पडेल आवाजात म्हणाले.

"मग आपण पुरुष काय करतो?"

चिटणिसांनी मोजायला एक बोट दुमडले. "सभा घेतो," ते म्हणाले.

अध्यक्ष खाली बसणार होते. पण सवयीने त्यांच्या तोंडून निघाले, "मी जरा घरी विचारून सांगतो," आणि घर दुसऱ्या टोकाला शेवटच्या रांगेतच बसलेले असल्याने ते नुसते मागे वळले. शेवटच्या रांगेतून एक मान हलली. अध्यक्ष पुन्हा पुढे वळले. "माझं मत असं आहे," ते म्हणाले, "की जे काम करतात त्यांच्यातूनच चिटणीस असावा."

मग एक गंमत झाली. हात वर व्हायच्या आधी पुढच्या सगळ्या रांगांतल्या मुंड्या मागे वळल्या, आणि पुढे फिरल्या तेव्हा हातांसकट फिरल्या. बायकांनी शिंपीणबाईंकडे पाहिले, शिंपीणबाईंनी चिटणिसांच्या बायकोकडे बोट केले, आणि जांभई न देता निवडणूक पार पडली.

"मला हे कधी सुचलंच नव्हतं," बायको हात असलेल्या खुर्चीपाशी उभी राहून म्हणाली. तिला खरोखरच अवघडल्यासारखे झाले होते. "आम्ही आपल्या झगा शिवत होतो. पण ह्यांनी इतकं मुद्देसूद मांडलं की आता नाही कसं म्हणायचं." तिने हात पुढे केला. चिटणिसांनी कमरेची किल्ली काढून दिली. कुलूप कसे उघडते ते सांगायला त्यांनी तोंड उघडले, आणि मिटले.

"आणि त्या कादंबरीचं काय करायचं?" ग्रंथपालबाईंनी मागून विचारले. "तक्रार अजून उभी आहे."

"पुस्तक कपाटात राहू द्या," नव्या चिटणीस म्हणाल्या. "फक्त ह्यांना देऊ नका."

त्या दिवसापासून गल्लीत त्यांना "चिटणीसबाईंचे मिस्टर" म्हणू लागले. आई दोन दिवस हाक मारताना अडखळली. मग तिने त्यांचे लहानपणीचे नाव शोधून काढले, आणि ते ऐकून जुन्या चिटणिसांना इतके विचित्र वाटले की पहिल्या हाकेला त्यांनी ओ दिलीच नाही.

अस्तर ज्याने उसवले त्यानेच जोडावे, असा नव्या चिटणिसांचा पहिला हुकूम निघाला. त्यामुळे दुपारी दुकान बंद करून ते आतल्या खोलीत बायकांमध्ये बसू लागले. आणि खरे सांगायचे तर हात त्यांचा चांगला चालला. भिंग लावून घातलेला टाका शिंपीणबाईंनाही उचकटून दाखवता येईना. तिथे बोलणेही बरे असते असे त्यांना आढळले. ते आले म्हणून आता कुणी थांबत नसे.

झगा जवळपास होत आला त्या दुपारी बाहेरच्या गल्लीतून अध्यक्ष चालले होते. बगलेत तपकिरी कागदाचे कव्हर घातलेले एक जाड पुस्तक होते. एवढे रामायण झाले तर आत आहे तरी काय, असे म्हणून त्यांनी ते ग्रंथपालबाईंकडून आणले होते, आणि ते तिसऱ्या प्रकरणापर्यंत आले होते. उघड्या खिडकीतून ओळखीचा आवाज आला म्हणून ते थबकले.

"गुरुजी कालच माझ्याकडे रडत होते," जुने चिटणीस दातांत दोरा धरून म्हणत होते. "म्हटलं, काळजी करू नका. गळा पुन्हा कापावा लागणार, पण ह्या वेळी मी स्वतः कापतो. माझा हात हलका आहे."

"आणि अध्यक्षांचं?" आईने विचारले. "त्यांच्या घरून सकाळीच निरोप आलाय. त्यांचाही एक जुना पायजमा काढून ठेवलाय म्हणे."

खिडकीबाहेर पुस्तक धपकन खाली पडले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, घरी न विचारता, अध्यक्ष पळत सुटले.